आसवांच्या बोडीचा राखणदार

आमच्या सरांना कुणाच्या मयतीला न्यायचं म्हणजे डोक्याला ताप. तिकडे बायका ऊर बडवून रडत असायच्या आणि हे मांडवाच्या खांबाला टेकून मनगटावरच्या घड्याळात बघत उभे. एक नजर घड्याळावर, एक नजर रडणाऱ्यावर. बराच वेळ असं झालं की हळूच पुढे सरकायचे, खांद्यावरच्या शबनममधून स्टीलची बाटली काढायचे आणि सगळ्यात जास्त वेळ रडलेल्या बाईपुढे बाटलीच्या झाकणात पाणी ओतून धरायचे.

"पी बाई," म्हणायचे. "आतलं सरलं आता. बाहेरून आलं पायजे."

आमगावातल्या निम्म्या घरांनी त्यांना याबद्दल शिव्या घातल्यात आणि उरलेल्या निम्म्यांनी ते पाणी प्यायलंय. काही घरांनी दोन्ही केलंय.

मी आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. म्हणजे झाडलोट, काचसामान धुणं, बेडकांच्या बरण्या पुसणं आणि सरांचा चष्मा शोधणं. पहिली तीन कामं ऑर्डरमध्ये लिहिलेली होती, चौथं सर्वांत मोठं होतं. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. आता ते रिटायर होऊन केशोरीकडं भावाजवळ राहतात, धानाच्या बांधीत उतरतात म्हणे. त्यांचं नाव सांगत नाही. तसंही हजेरीपट सोडला तर ते कुणी घेत नव्हतं. पोरांसाठी ते 'आसूवाले सर' होते, आणि सरांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

कारण तीस वर्षं त्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट होती: आसू कसा येतो. का येतो, ते नव्हे. "काऊन येते ते कवी लोकायले विचारा," म्हणायचे. "मले फक्त कसा येते ते पायजे."

लग्न केलं नव्हतं. स्टेशनजवळ एका खोलीत राहायचे. एकदा मी धीर करून विचारलंच, "सर, लग्न काऊन नाही केलं जी?"

"पोरगी पाह्यले गेलो होतो ना," ते म्हणाले. "तिले लग्न करायचं नव्हतं. पोह्याची प्लेट घेऊन आली आन् रडूनच राहिली. मी तिच्या बापाले विचारलं, हे केव्हापासून सुरू हाये?"

"मग?"

"मंग त्यानं मले पोहे खाऊ नाही दिले." थोडं थांबून, अगदी मनापासून हळहळत म्हणाले, "तोवर नऊ मिनटं झाले होते, बाई. नऊ! पुढचं पाह्यलेच नाही भेटलं."

हे हसून सांगत नव्हते हो. खरंच हळहळ होती ती. त्यांना खोटं बोलता यायचं नाही आणि सारवासारवही जमायची नाही. एकदा वरून तपासणीची कमिटी आली होती. प्राचार्यांनी आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं की कमिटीनं काही विचारलं की 'उत्तम चालू आहे' म्हणायचं. कमिटीतल्या एका साहेबांनी कोपऱ्यातल्या यंत्रावर हात ठेवून विचारलं, "हे चालतं ना?" सर म्हणाले, "नाही. पाच वर्षांपासून बंद हाये. तुमी येणार म्हणून काल पुसलं." प्राचार्यांचा चेहरा असा झाला की मी बेडकाच्या बरणीमागे तोंड लपवलं.

माझी त्यांची पहिली गाठ मात्र हसण्यासारखी नव्हती. माझे मिस्टर याच कॉलेजात ऑफिसात क्लार्क होते. एका सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. दुपारी घरात माणसंच माणसं. मी कितीक वेळ रडत होते, मलाच माहीत नाही. मान वर केली तर समोर हा चष्मेवाला मास्तर उभा, आणि घड्याळ बघतोय! माझं डोकंच फिरलं. माझा माणूस गेला आणि हा टाइम बघून राहिला! त्यांनी झाकण पुढे केलं तर मी ते पाणी सरळ त्यांच्या तोंडावर भिरकावलं.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. परत झाकणात पाणी ओतलं. परत माझ्यापुढे धरलं.

मी ते प्यायले. का प्यायले, आजही सांगता येत नाही.

पुढे मिस्टरांच्या जागी अनुकंपेवर मला नोकरी लागली आणि नेमकं त्यांच्याच प्रयोगशाळेत टाकलं. पहिल्या दिवशी मी मान वर करत नव्हते. त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली. त्यात सगळी रडणी लिहिलेली. तारीख, गाव, किती मिनिटं, मध्ये किती थांबलं, पाणी प्यायल्यावर परत सुरू झालं की नाही. पानं उलटत एका जागी थांबले आणि वही माझ्याकडं फिरवली. पान कोरं होतं. वर फक्त तारीख. माझ्या मिस्टरांची.

"तुझं नाही लिहिलं," म्हणाले. "लिवू नाही वाटलं." आणि वही बंद करून मला बरण्या कुठं ठेवायच्या ते दाखवायला लागले.

तर आसू कसा येतो. मला त्यांनी सांगितलं ते असं. मी बारावी नापास, पण मला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल.

डोळ्याच्या वर, भुवईच्या हाडाखाली, एक बदामाएवढी गाठ असते. तीत बारीक बारीक पेशी. प्रत्येक पेशी म्हणजे एक शेत समजा. आपल्याकडं शेताला लागून बोडी असते ना, पावसाचं पाणी साठवायची, तशी त्या पेशीच्या आतच एक बोडी असते. तिच्यात पाणी नसतं, कॅल्शियम असतं. मेंदूकडून नसेतून निरोप येतो: रड. निरोप दारावर येताच बोडीचं तोंड उघडतं, कॅल्शियम सगळ्या पेशीभर पसरतं, आणि पेशी आसू बाहेर सोडते.

"पण बोडी किती पुरन?" सर विचारायचे. वर्गातली पोरं सगळी शेतकऱ्यांची. एका सुरात ओरडायची, "नाही पुरत सर!"

"मंग?"

"नहर!"

"बरोबर. कालव्याचं पाणी घ्या लागते. पेशीच्या बाहेर कॅल्शियम हाये, पण बांधावरचं दार बंद हाये. ते दार उघडलं पायजे. उघडते कोण?" इथे त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "बोडीच्या काठावर एक राखणदार राह्यते. त्याचं ध्यान बोडीवर. आतलं सरलं का तो उठते, चालत चालत बांधावर जाते, आन् दार उघडून देते. मंग बाहेरचं आत येते, बोडी भरते, आन् रडणं चालू राह्यते."

राखणदारावर त्यांचा भारी जीव. फळ्यावर पेशी काढताना बाकी सगळं घाईत, पण राखणदाराला हातात काठी आणि डोक्याला दुपट्टा काढायचे. मला एकदा म्हणाले, "पाह्य, बाई. आतलं सरलं हे कळणं सोपं नाही. माणसाले नाही कळत. त्याले कळते, आन् तो उठून जाते."

आता प्रयोग. एवढ्याशा कॉलेजात कुठली मोठी यंत्रं? सरांनी आपली रीत काढली होती. रविवारी सकाळी सातला हातात बर्फाचा डबा घेऊन मटण मार्केट. तिथले चाचा त्यांच्यासाठी बकऱ्याच्या डोळ्यावरची ती गाठ काढून ठेवायचे. आधी सरांनीच त्यांना शिकवलं होतं, आता चाचांचा हात असा बसला होता की सुरी एकदाच फिरायची.

"सरजी, आज दो बकरों का है। चारों बादाम साबुत निकाले हैं, देख लो।"

रांगेतली गिऱ्हाइकं सरांकडं बघायची. प्रोफेसर डोळे खातो, अशी बातमी गोंदियापर्यंत गेली होती. सर म्हणायचे, डिग्री खरी चाचाला द्यायला पाहिजे.

मग प्रयोगशाळेत त्या गाठीच्या ब्लेडनं पातळ चकत्या. दोन बश्या. दोन्हींत मिठाचं पाणी, शरीरात असतं तसं. पहिल्या बशीतल्या पाण्यात कॅल्शियम घातलेलं, दुसऱ्यात नाही. दोन्हींत निरोपाचं औषध टाकायचं, म्हणजे गाठीला वाटतं मेंदूनंच सांगितलं. थोड्या थोड्या वेळानं वरचं पाणी काढून त्यात रंगाची औषधं घालायची. आसवांत एक रस असतो, त्यानं पाणी तांबूस होतं. जास्त आसू, तर कोऱ्या चहासारखं. आसू नाही, तर पाणी ते पाणी.

नियमानं काय व्हायला पाहिजे? पहिली बशी चहा देत राहील. दुसरी एकदाच देईल, बोडीतल्या साठ्याची. बाहेर कॅल्शियमच नाही तर राखणदार दार उघडून आणणार काय?

आणि आमच्या दुसऱ्या बशीनं चहा द्यायचं थांबवलंच नाही! पहिल्यांदा चहा, दुसऱ्यांदा चहा, तिसऱ्यांदा थोडा फिका, पण चहाच. सरांनी चष्मा पुसला. पुढच्या रविवारी परत तेच. नऊ रविवार. नवव्या रविवारी सर स्टुलावर बसले आणि स्वतःशीच बोलले, "म्हणजे बकऱ्याले बाहेरचं लागत नाही. आतच कुठंतरी आणखी एक बोडी हाये. कोणाले माहीत नसलेली."

मी विचारलं, "मग राखणदाराचं काय, सर?"

"बेकार झाला बिचारा," ते म्हणाले. पण डोळे असे चमकत होते की मी इतक्या दिवसांत पाहिले नव्हते. एकट्यानं राहणारा माणूस तो. बाहेरून काही न येताही आतलं चालू राहतं, हे त्यांना नुसतं पटलं नव्हतं, सुखावून गेलं होतं, असं मला वाटतं.

त्यांनी लिहून पाठवलं. नागपूरहून पत्र आलं की मोठा परिसंवाद आहे, येऊन सांगा. वीस वर्षं बेडूक शिकवला त्या माणसाला पहिल्यांदा कुणी बोलायला बोलावलं होतं. प्राचार्यांनी ते पत्र नोटीस बोर्डावर लावलं, आणि मी पण येतो म्हणाले. केशोरीहून भावाचा फोन आला. सरांनी निळा शर्ट शिवायला टाकला.

आणि आता माझं ऐका.

होळीच्या सुमारास आमचं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र जळलं होतं. पाणी उकळून त्याची वाफ थंड करायची आणि थेंब थेंब गोळा करायचा, असं काचेचं यंत्र. मागल्या वर्षीही ते जळलं होतं, तेव्हा सरांनी काम बंद ठेवलं आणि चार महिने तोंड पाडून फिरत होते. ऑफिसातून वस्तू यायला किती दिवस लागतात ते मला मिस्टरांमुळे ठाऊक होतं. म्हटलं, सांगायचंच नाही. त्या यंत्रात तरी काय होतं? पाणी उकळतंच ना? मग मी उकळते. आमच्या कॉलेजच्या बोअरचं पाणी असं नितळ की आजूबाजूच्या बाया गुंड-कळशा घेऊन भरायला येतात. ते मी मोठ्या गंजात, पातेल्यात म्हणा, वीस मिनिटं उकळायची, निववायची, आणि सुती फडक्याच्या चार पदरांतून गाळून डिस्टिल्डच्या कॅनमध्ये भरायची. माझी लेक लहान असताना तिला असंच पाणी पाजलं होतं मी. याहून शुद्ध पाणी जगात असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सर विचारायचे, "पाणी तयार हाये?" मी म्हणायची, "हो जी." एवढंच.

नागपूरला जायला आठ-नऊ दिवस उरले होते. सर पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत होते, मी मागे बाकं पुसत होते.

"कॅल्शियम कुठं कुठं राह्यते? हाडात हाये. चुन्यात हाये. आन् घरी पाणी तापवायच्या गंजाले बुडाशी पांढरी पापडी जमते ना, ते काय होय? तेच! बोअरच्या पाण्यात भरपूर राह्यते."

माय वो! माझ्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. ती पापडी मी दर आठवड्याला चिंचेनं घासून काढत होते. नऊही रविवार. सरांच्या बिनकॅल्शियमच्या बशीत मी माझ्या हातानं कॅल्शियम ओतत होते.

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सांगितलं नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं. सांगितलं तर? नोकरीला दीड वर्ष झालेलं, कायम व्हायला सहा महिने बाकी. प्राचार्य कमिटीच्या प्रकरणापासून आमच्या विभागावर खार खाऊन होतेच, त्यांना निमित्तच पाहिजे होतं. लेक बारावीला. आणि माझं जाऊ द्या. त्या माणसाच्या उभ्या आयुष्यातली एकच गोष्ट, ती मी कोणत्या तोंडानं हिसकावू?

चौथ्या दिवशी दुपारी सर नवा शर्ट घालून प्रयोगशाळेत आले. टेलरनं एक बाही आखूड केली होती.

"पाह्य बाई, हा चालन का भाषणाले?"

मी त्या आखूड बाहीकडं पाहिलं आणि मला राहवलंच नाही. सगळं सांगून टाकलं. यंत्र, गंज, फडकं, पापडी, सगळं एका दमात.

सर स्टुलावर बसले. मग विचारलं, "केव्हापासून?"

"होळीपासून."

"म्हणजे सगळेच रविवार."

"सगळेच, सर."

"चार पदरी गाळलं?"

"हो."

"वीस मिनटं उकळून?"

"हो जी."

"उकळून अर्धं खाली बसलं असन. अर्धं पाण्यातच राहिलं," ते म्हणाले. आणि मग, "लई मेहनत केली बाई तू."

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पण सर ते सरच. अर्ध्या तासात उठले, रसायनशास्त्राच्या विभागातून खरं डिस्टिल्ड पाणी मागून आणलं, दोन बीकर घेतले, आणि मला म्हणाले, "डाळ हाये का?" दुपारच्या जेवणासाठी मी तिथंच कपाटात तुरीची डाळ ठेवत असे. एका बीकरमध्ये खऱ्या पाण्यात मूठभर डाळ, दुसऱ्यात माझ्या पाण्यात मूठभर. दोन्ही शेगडीवर. आपल्याकडं कोणत्या विहिरीचं पाणी जड, ते डाळच सांगते ना. तासाभरानं एका बीकरमध्ये गरगट वरण झालं होतं आणि दुसऱ्यात दाणा न् दाणा उभा. सरांनी चमच्यानं एक दाणा दाबून पाहिला. दबला नाही.

मग मीठ-तिखट टाकून आम्ही ती दोन्ही खाल्ली. कच्ची त्यांनी स्वतःकडं ओढून घेतली.

पुढच्या रविवारी चाचांकडून चार बादाम आणले. रसायनवाल्यांकडं बीकरभरच होतं, म्हणून पाणी सरांनी गोंदियाहून आणलं, गाडीत कॅन मांडीवर घेऊन. पहिली बशी: चहा, चहा, चहा. दुसरी बशी: एकदा चहा. मग पाणी. मग पाणी. परखनळी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. आरपार पलीकडचं मैदान दिसत होतं. नऊ रविवारांची कमाई त्या नळीतून आरपार गेली होती.

"राखणदार वाचला, बाई," सर म्हणाले.

मी बश्या गोळा करायला लागले.

"मी त्याले उगाच नोकरीतून काढून राहिलो होतो." नळी स्टँडमध्ये ठेवून ते माझ्याकडं वळले. "त्याची चूक नव्हती. त्याच्यापर्यंत बरोबर बातमी गेली नव्हती. असं कोणाले नोकरीतून काढू नये."

ते राखणदाराबद्दल बोलत होते की कुणाबद्दल, मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "मग आता नागपूरला नाही जायचं ना?"

"काऊन? बोलावलं हाये तं जाऊ. जे झालं ते सांगू." आणि त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं, की माझा निष्कर्ष चुकला, मी तो मागे घेतो, पण बोलायला येतो. मलाही सोबत चल म्हणाले. बश्या आणि नळ्या दाखवायच्या होत्या, त्या फुटू न देता कोण नेणार? पुढच्या गाडीनं प्राचार्य येणार होते. त्यांना यातलं अजून काही माहीत नव्हतं.

जे झालं ते सांगू, म्हणे! रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. हा माणूस खोटं बोलत नाही. कुणी विचारलं पाणी कसं चुकलं, की हा माझं नाव घेणार, आणि समोर प्राचार्य बसलेले असणार. त्यांना सांगावं, सर, माझं नाव नका घेऊ, असं दहादा तोंडावर आलं. पण ज्याचं मी एवढं बुडवलं, त्याच्याकडं आणखी काय मागू? नाही मागितलं.

नागपूरचा तो हॉल केवढा मोठा. थंडगार. मी शेवटच्या रांगेत नळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले. प्राचार्य पुढे, दुसऱ्या रांगेत. सर उभे राहिले, निळा शर्ट, एक बाही आखूड. आधी त्यांनी बोडी सांगितली, राखणदार सांगितला. लोक हसले, पण चांगलं हसले. मग म्हणाले, "मी तुमाले सांगणार होतो का बाहेरचं कॅल्शियम लागत नाही. ते चूक हाये. लागते." आणि नऊ रविवार कसे फसले ते सगळं सांगितलं, बोअरचं पाणी, पापडी, डाळसुद्धा. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. प्राचार्यांची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे सर उठले. आवाजात राग नव्हता, पण धार होती. "हे सगळं ठीक आहे. पण मला सांगा, ते पाणी तयार कोणी केलं होतं?"

प्राचार्य मागे वळले आणि त्यांनी बरोबर माझ्याकडं पाहिलं. प्रयोगशाळेत पाणी कोण भरतं, ते त्यांना माहीत होतं.

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. परत घातला.

"मी," ते म्हणाले.

"तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः. यंत्र जळलं होतं. मले वाटलं, उकळून चार पदरी गाळलं का झालं. लेकराले पाजतात तसं. अक्कल कमी पडली."

हॉल हसला. म्हातारे सरही हसले आणि म्हणाले, एवढं सरळ कबूल करणारा माणूस फार दिवसांनी पाहिला. टाळ्या वाजल्या. प्राचार्यांनी मान पुढे वळवली आणि तेही टाळ्या वाजवायला लागले. न वाजवून करतात काय?

आणि मी इकडे शेवटच्या रांगेत रडायला लागले. मिस्टर गेल्यापासून अशी रडले नव्हते. डबा मांडीवर, त्यातल्या नळ्या खुळखुळ वाजत होत्या, आणि मला काही केल्या थांबता येईना. शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली.

सर मंचावरून उतरले. वाटेत दोघातिघांनी हात मिळवायला पुढे केला, तो त्यांनी घाईघाईत मिळवला, आणि सरळ शेवटच्या रांगेत येऊन माझ्या शेजारी बसले. मग शबनममधून स्टीलची बाटली काढली, झाकणात पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"पी. आपल्या बोअरचंच हाये," म्हणाले. "कॅल्शियमवालं."

मला रडता रडता हसू फुटलं. ते झाकण प्यायले, दुसरं प्यायले. डोळे पुसले आणि विचारलं, "किती मिनटं झाले जी, सर?"

"पाह्यलंच नाही," ते म्हणाले.

मी त्यांना घड्याळ पाहताना पाहिलं होतं. अकरा वर्षांत हा माणूस माझ्यासमोर फक्त दोनदा खोटं बोलला, आणि दोन्ही वेळा त्या एका दिवसात.